शुक्रवारी संध्याकाळी अपडेट नको रे बाबा!

आधी कबुली देते. गेल्या वर्षी आमच्या मास कॉमच्या वर्गाची एक छोटीशी बातम्यांची वेबसाइट होती. आम्हीच चालवायची, आम्हीच वाचायची. एका शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्हा तिघांना वाटलं, साइट फारच बोअर दिसतेय. नवीन थीम सापडली होती, फुकट होती, भारी दिसत होती. मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून बटण दाबलं, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, बदामांचा पाऊस पडला. मी सॅक उचलली, वाकडेवाडीला जाऊन नारायणगावची एसटी पकडली आणि घरी निघाले. घरी म्हणजे कळंबला. मंचरच्या पुढचं, आंबेगाव तालुक्यातलं.

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली आणि फोन वाजायला लागला. ‘अगं, साइटवर नुसते चौकोन दिसतायत!’ नव्या थीममध्ये मराठी फॉन्ट बसतच नव्हता. मेन्यू गायब. जुनं परत लावावं म्हटलं, तर जुन्याची कॉपी कोणीच ठेवलेली नव्हती. पासवर्ड त्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपची मालकीण ट्रेकला निघालेली, रेंजच्या बाहेर. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कार्यक्रम होता आणि पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर हीच साइट दाखवायची होती. पाहुण्यांनी चौकोन पाहिले. पुढचं सांगत नाही.

घरी पोचले तेव्हा दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, ओट्यावर बसला होता. तो हिंजवडीच्या एका कंपनीत आहे. ‘रिलीजचं काम’ करतो एवढंच आम्हाला माहीत होतं. काकूला तर कित्येक दिवस वाटायचं, सिनेमाच्या रिलीजशी काहीतरी संबंध आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तीनच प्रश्न विचारले. ‘कोणाला विचारून केलंत? आधी कुठं करून बघितलंत? आणि बिघडलं तर मागं कसं यायचं, ते ठरलं होतं का?’

तिन्हींची उत्तरं नाही.

‘मग बरोबर झालं की,’ म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला.

हे तीन प्रश्न म्हणजे एक अख्खं क्षेत्र आहे, हे मला तेव्हा कळलं. तुमच्यापैकी जे बीसीए, बीसीएस, इंजिनीअरिंगला आहेत त्यांनी ‘चेंज मॅनेजमेंट’, ‘रिलीज मॅनेजमेंट’ हे शब्द व्हायवापुरते पाठ केले असतील. बाकीच्यांनी ऐकलेही नसतील. पण त्याचा फटका मात्र आपण सगळ्यांनीच खाल्लाय. परीक्षेचा फॉर्म भरताना, निकालाची वाट बघताना, आणि अकरावीच्या अ‍ॅडमिशनला धाकट्या भावंडाशेजारी बसून पेज रिफ्रेश मारताना.

सॉफ्टवेअर बनवणं वेगळं आणि ते लोकांच्या हातात देणं वेगळं. या दुसऱ्या टप्प्याला आयटीवाले ‘सर्व्हिस ट्रान्झिशन’ म्हणतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीला ब्रिटिश सरकारने सरकारी खात्यांतलं कॉम्प्युटरचं काम शिस्तीत चालावं म्हणून ‘आयटीआयएल’ नावाची मार्गदर्शक पुस्तकं काढायला सुरुवात केली. २००७च्या आवृत्तीत या विषयाला स्वतंत्र पुस्तक मिळालं. २०१९ला चौथी आवृत्ती आली. यातला गाभा मला दादाने एसटीच्या भाषेत समजावला. नवी गाडी डेपोत येऊन उभी राहिली, ती ‘डिप्लॉयमेंट’. तीच गाडी फलाटाला लागली, पाटी लावली, लोक चढले, तो ‘रिलीज’. आणि मुळात या मार्गावर नवी गाडी सोडायची की नाही, कधी, कोणाच्या सहीने, बंद पडली तर मागून कोणती पाठवायची, हे ठरवणं म्हणजे ‘चेंज’. आम्ही गाडी फलाटाला लावली आणि ड्रायव्हरसकट ट्रेकला निघून गेलो.

आता जरा मोठी गाडी बघू.

२०१७चा उन्हाळा. मुंबई विद्यापीठ. तुमचा सीनियर, ताई, मामेभाऊ, कोणीतरी त्यात अडकलेलं असणारच. विद्यापीठाने ठरवलं की सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका यापुढे कागदावर नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायच्या. ऑनस्क्रीन मार्किंग. उत्तरपत्रिका स्कॅन होणार, बारकोड लागणार, प्राध्यापक लॉगिन करून गुण देणार, बेरीज मशीन करणार. कल्पना वाईट नव्हती, उलट चांगली होती. बेरजेच्या चुका टळतात, कोणाची उत्तरपत्रिका कोणाकडे गेली ते तपासणाऱ्याला कळत नाही, गठ्ठे इकडून तिकडे वाहायला लागत नाहीत.

पण दादाचे तीन प्रश्न इथे लावून बघा. परीक्षा सुरू होऊन गेल्यावर कंत्राट दिलं गेलं. म्हणजे तयारीला, सरावाला वेळच उरला नाही. आणि एखादी शाखा, एखादा विषय घेऊन आधी प्रयोग करून मग वाढवायचं, तर तसंही नाही. एकाच हंगामात सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका त्या पडद्यावर आणायच्या होत्या. हजारो प्राध्यापकांना नवीन पद्धत शिकायची होती, तीही सुट्टीच्या दिवसांत. कुठे लॉगिन होईना, कुठे स्कॅनिंग मागे पडलं, कुठे पुरवण्या मुख्य उत्तरपत्रिकेपासून तुटल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे यायचा रस्ता नव्हता. अर्ध्या तपासून झालेल्या, अर्ध्या स्कॅन झालेल्या उत्तरपत्रिका परत कागदावर तपासायच्या कशा?

कायदा सांगतो की शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत निकाल लावा, फार तर ४५. कुलपती असलेल्या राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती गेली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. विधी शाखेची मुलं तर अगदी शेवटपर्यंत ताटकळली. कोणाचं परदेशातलं अ‍ॅडमिशन हातात होतं पण मार्कशीट नव्हतं. कोणाला दुसऱ्या विद्यापीठात एमएला जायचं होतं, तिथली मुदत संपली. कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना आधी रजेवर जावं लागलं आणि २४ ऑक्टोबर २०१७ला राज्यपालांनी त्यांना पदावरून दूर केलं. १८५७ला स्थापन झालेल्या, १६० वर्षांच्या विद्यापीठात हे घडलं.

तेव्हा मी शाळेत होते. पेपरात बातम्या यायच्या आणि घरी सगळे म्हणायचे, कॉम्प्युटरने घोळ घातला. आता वाटतं, कॉम्प्युटर बिचारा तेवढा दोषी नव्हता. ही पद्धत दुसरीकडे चालत होतीच. चुकला तो बदल आणण्याचा मार्ग आणि वेळ. परीक्षा संपलेली, निकालाची घड्याळं टिकटिकतायत, आणि नेमकं त्याच वेळी इंजिन बदलायला काढलं.

याच्या उलट बाजूची गोष्ट तुम्हाला माझ्या गावात बघायला मिळेल. ती शहरातल्या मित्रमैत्रिणींना बहुतेक माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सातबारा सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्यातला ‘सात’ म्हणजे जमीन कोणाची, ‘बारा’ म्हणजे त्यात पेरलंय काय. हे ‘बारा’ पूर्वी तलाठी भाऊसाहेब लिहायचे. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावं, शेकडो गट. प्रत्येक बांधावर जाणं कसं जमणार? त्यामुळे शेतात टोमॅटो आणि कागदावर बाजरी, असं होऊ शकायचं. तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडतं? गारपीट झाली की भरपाई कागदावरच्या पिकाची मिळते. पीकविमा, बँकेचं कर्ज, हमीभावाने खरेदी, सगळीकडे हीच नोंद बघतात. म्हणजे बाराच्या रकान्यातला एक शब्द चुकला की वर्षाचं गणित चुकलं.

मग आलं ‘ई-पीक पाहणी’ अ‍ॅप. शेतकऱ्यानेच आपल्या शेतात उभं राहून फोटो काढायचा, पीक निवडायचं, नोंद करायची. महसूल आणि कृषी खात्याचा हा प्रकल्प, टाटा ट्रस्टची मदत. हे अ‍ॅप एका दिवसात राज्यभर आलं नाही, ही यातली पहिली शहाणपणाची गोष्ट. आधी मोजक्या तालुक्यांत प्रयोग झाला. तिथले अनुभव घेऊन १५ ऑगस्ट २०२१पासून ते सगळ्या राज्यात सुरू झालं.

सुरू झालं म्हणजे सगळं गोड झालं असं अजिबात नाही. लाखो शेतकरी, त्यातल्या अनेकांच्या हातात साधा फोन. शिवारात रेंज नाही. शेवटच्या आठवड्यात सगळेच एकदम नोंदी करणार, मग सर्व्हर दमणार. आमच्याकडे तर आणखी एक अडचण, उसात बिबट्या. संध्याकाळी बांधावर एकटं जाऊन फोटो काढायला कोण धजावणार? हसू नका, आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला हा खरा प्रश्न आहे.

पण बघा, पुढे काय केलं. पहिल्या वर्षी शेतकऱ्यांनी ज्या तक्रारी केल्या, ज्या सूचना दिल्या, त्या गोळा झाल्या आणि १ ऑगस्ट २०२२ला अ‍ॅपची दुसरी आवृत्ती आली. पहिल्या अ‍ॅपमध्ये चुकून ‘कांदा’ऐवजी दुसरंच काही निवडलं की डोक्याला हात लावायची पाळी यायची. दुसऱ्या आवृत्तीत ४८ तासांच्या आत स्वतःची नोंद एकदा दुरुस्त करता येऊ लागली. फोटो गटापासून किती लांबून काढलाय ते दिसू लागलं. मुख्य पिकासोबत घेतलेली दुय्यम पिकं भरायला जास्त जागा मिळाली. शेतकऱ्याने केलेली नोंद ग्राह्य धरायची आणि तलाठ्याने त्यातल्या दहा टक्के नोंदी पडताळायच्या, असं ठरलं. आता आयटीच्या भाषेत वाचा. वापरणाऱ्याने सांगितलेल्या अडचणींची यादी, त्यावरून पुढचा रिलीज, आणि त्यात ‘अंडू’चं बटण. ज्या विषयाची पुस्तकं महागडी आहेत, त्याचं प्रात्यक्षिक आमच्या शिवारात फुकटात चाललं होतं.

आणि मागे यायचा रस्ता? तोही होता. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची नोंद तलाठ्याच्या पातळीवर करायची सोय ठेवली होती. जुनी माणसं, जुनी यंत्रणा पहिल्याच दिवशी मोडीत काढली नाही. पुणे-नाशिक रस्त्याला बायपास झाले तेव्हा गावातला रस्ता लगेच कोणी उखडला नाही, तसंच.

पुढे केंद्र सरकारच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेसाठी पुन्हा नवं अ‍ॅप आलं. तेही आधी खरीप २०२४ला निवडक तालुक्यांत आणि मग रब्बीत राज्यभर. आता गटाच्या हद्दीच्या जवळ उभं राहिल्याशिवाय फोटोच घेत नाही. म्हणजे घरी बसून पीक पाहणी उरकणाऱ्यांची पंचाईत. गावात या सगळ्याची झळ कोणाला बसते सांगू? कॉलेजच्या पोरापोरींना. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, मग अख्ख्या वाडीची पीक पाहणी एकाच्या गळ्यात. ‘बाळा, तुझ्या फोनात ते पिकाचं आहे ना?’ हे वाक्य ऐकलं नाही असा आमच्याकडचा एफवायचा पोरगा दाखवा. नवं अ‍ॅप आलं की जुनं काढून टाका, नवीन टाका, परत नोंदणी करा, हे सत्तर वर्षांच्या आजोबांना समजावून सांगणं हाच ‘युजर ट्रेनिंग’चा धडा. सर्टिफिकेट मात्र कोणी देत नाही.

बरं, हे दोन्ही सरकारी झालं म्हणून खासगी कंपन्या फार शहाण्या असं समजू नका. १९ जुलै २०२४, वार शुक्रवार (परत शुक्रवार!). क्राउडस्ट्राइक ही कॉम्प्युटरला हल्ल्यांपासून वाचवणारी मोठी अमेरिकी कंपनी. तिने एक छोटी अपडेट फाइल पाठवली. सॉफ्टवेअरला माहितीचे २० तुकडे मिळत होते आणि नवी फाइल २१वा मागत होती. बस्स. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. चूक कळल्यावर ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली, पण बंद पडलेल्या मशिनी एकेक करून हाताने सुरू कराव्या लागल्या. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, ते फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिले असतील. नंतर कंपनीने जाहीर केलं की अशा फाइल्स यापुढे टप्प्याटप्प्याने पाठवू, आधी थोड्यांना, मग सगळ्यांना.

पीक पाहणीवाल्यांनी हेच तर केलं होतं ना?

आणखी एक किस्सा थोडक्यात. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर ट्रेडिंगची कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एकावर टाकायचा राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना, विसरलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. आठपैकी सात म्हणजे परीक्षेत फर्स्ट क्लास. इथे कंपनीच मोडकळीला आली.

अकरावीचं उदाहरण मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तो प्रकार जरा वेगळा. ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरी भागांत कित्येक वर्षं चालत होते. २०२५ला पहिल्यांदा ते सगळ्या राज्यासाठी लागू झाले. म्हणजे कळंब, मंचर, जुन्नरच्या मुलांसाठीही. त्याआधी कॉलेजात जाऊन फॉर्म आणायचा, भरायचा, यादी लागायची. आता नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालयं एकाच पोर्टलवर. २१ मेला नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं. शेवटी वेळापत्रक बदलून २६ मेपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. आधी दोन दिवस सरावासाठी दिले होते, तरीही. पद्धत जुनी, पण माणसं कित्येक पटींनी वाढली, हाही एक बदलच असतो. गावच्या जत्रेला दरवर्षी जेवण करणाऱ्या आचाऱ्याला एकदम पंचक्रोशीचं जेवण सांगितलं, तर आमटीची रेसिपी तीच असली तरी कढई पुरत नाही.

आता तुमच्या कामाचं. लास्ट इयरचा प्रोजेक्ट असेल, कॉलेज फेस्टचं रजिस्ट्रेशन पेज असेल, एनएसएसच्या कॅम्पचा साधा गुगल फॉर्म असेल, दादाचे तीन प्रश्न तिथेही चालतात. त्यात मी चौथा घालते: लोकांना सांगितलं का? बदल काय होतोय, कधी होतोय, अडलं तर फोन कोणाला करायचा. आमच्या साइटच्या वेळी सरांना जरी आधी सांगितलं असतं, तरी त्यांनी पाहुण्यांना दुसरं काही दाखवलं असतं.

आणि नोकरीचं म्हणाल, तर कोडिंग जमत नाही म्हणून आयटीचा नाद सोडलेल्यांनी इकडे जरूर बघा. या कामात कोड कमी आणि माणसं जास्त. कोणता बदल रोजचाच आहे, कोणत्याला समितीची मंजुरी हवी, कोणता तातडीचा म्हणून रात्रीतून करायचा, याची वर्गवारी. आदल्या दिवशी यादी घेऊन एकेक खूण करायची. नको त्या वेळी ‘नाही’ म्हणायचं, तेही साहेबाला. ‘आयटीआयएल फाउंडेशन’ नावाची परीक्षा असते, ४० प्रश्न, एक तास, २६ बरोबर आले की पास. फी विद्यार्थ्यांच्या खिशाला जड आहे, त्यामुळे आधी नोकरी बघा. काही कंपन्या स्वतःच्या खर्चाने करून घेतात, असं दादा सांगतो.

कामाच्या वेळा मात्र विचित्र. लोक झोपलेले असताना बदल करायचा, म्हणून शनिवारची रात्र. दादा महिन्यातून एकदा तरी त्या रात्री कळंबलाच असतो. पुढच्या खोलीत लॅपटॉप, शेजारी इन्व्हर्टर, एकाऐवजी दोन कंपन्यांची सिमकार्डं, कारण आमच्याकडच्या लाइटचा आणि रेंजचा काय भरवसा. हाच त्याचा स्वतःचा मागे यायचा रस्ता.

गेल्या महिन्यात मी त्याच्याशेजारी बसून होते. रात्री एकला सुरुवात झाली. कानात हेडफोन, पलीकडे दहाबारा माणसं, कोणी चेन्नईत, कोणी लंडनला. एक माणूस यादीतली ओळ वाचणार, दुसरा ‘झालं’ म्हणणार. भजनात ध्रुपद घ्यावं तसं. दोन वाजून दहा मिनिटांनी काहीतरी अडलं. कोणी ओरडलं नाही. वीस मिनिटं थांबून बघायचं असं आधीच लिहिलेलं होतं, तेवढं थांबले, मग एकाने शांतपणे ‘रोलबॅक’ म्हटलं आणि सगळं होतं तिथे परत नेलं. अडीचच्या पुढे दादाने हेडफोन काढला.

‘म्हणजे फेल गेलं?’ मी विचारलं.

‘छे गं. सकाळी कोणाला कळणार पण नाही,’ तो म्हणाला. ‘मंगळवारी परत बघू.’

आतून काकूचा आवाज आला, ‘झालं का रे तुझं पिक्चर रिलीज? दूध झाकून ठेवलंय, पिऊन झोप.’

आमची साइटही नंतर आम्ही मंगळवारीच बदलली. सकाळी अकराला, तिघंही लॅबमध्ये असताना, जुनी कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन. फॉन्ट पहिल्या झटक्यात परत गंडला. पेनड्राइव्ह लावला, दहा मिनिटांत जुनी साइट जागेवर. सरांना दुपारी चहाच्या वेळी सांगितलं, तेव्हा त्यांना पत्ताही नव्हता.